झेवियर, हाविएर, चावी

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईतलं झेवियर्स कॉलेज, अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू हाविएर मास्केरानो आणि बार्सिलोना क्लबचा फुटबॉलपटू चावी, या तिघांचं नाव एकच. मूळचं ते माणसाचं नव्हे, गावाचं. स्पेनमधल्या नवारा प्रांतात हाविएरचा किल्ला आहे. बास्क भाषेत त्या नावाचा अर्थ ‘नवं घर’. तिथं १५०६ साली जन्मलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलेलं आहे, ते ‘गोंयचो सायब’ हेच. १६२२ साली त्यांना संतपद मिळालं आणि पुढे गावाचं नाव मुलांना ठेवायची रीत पसरली.

उच्चाराचा घोळ मात्र अजून आहे. स्पॅनिशमध्ये हे नाव पूर्वी ‘एक्स’ने लिहीत. १८१५च्या शुद्धलेखन-सुधारणेनंतर तिथं ‘जे’ रुळला, तो घशातून ‘ह’सारखा निघतो. बार्सिलोनाकडच्या कॅटलान भाषेनं जुना ‘एक्स’ सोडला नाही. तिथल्या या नावाचं लाडकं रूप चावी. यातला ‘च’ चहातला, चाकातला नव्हे. समालोचक खुशाल ‘झावी’ म्हणतात, ते सोडून द्या.

हा चावी एर्नांदेस २५ जानेवारी १९८० रोजी बार्सिलोनाजवळच्या तेरासात जन्मला आणि अकराव्या वर्षी बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ प्रशिक्षण केंद्रात आला. उंची १७० सेंटिमीटर, पळण्यात काही खास नाही. तरी बार्सिलोनाकडून ७६७ सामने! त्याचं खरं काम चेंडू पायाशी येण्याआधीच उरकलेलं असे. आधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर, मग अंग अर्धं वळवून चेंडू लांबच्या, म्हणजे चेंडूपासून दूर असलेल्या, पायावर घ्यायचा. कुणी अंगावर आलाच तर चेंडूसकट गिरकी. २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनानं रियाल माद्रिद क्लबला ६-२ हरवलं, त्यातले चार गोल याच्या पासवर. तिसऱ्या गोलाच्या वेळी तर त्यानं रियालच्या लासाना दियाराच्या पायातून चेंडू काढून थेट मेस्सीला दिला.

कोल्हापुरात किंवा गोव्यात मुलांना शिकवणाऱ्यांनी हे ‘रोंदो’ नावाच्या सरावातून घ्यावं. आठ-दहा मीटरचा चौकोन, कडेला चौघं, मध्ये चेंडू हिसकावणारे दोघं, आणि चेंडूला जास्तीत जास्त दोन स्पर्श. चौकोन मोठा आखला तर दडपणच येत नाही, मग मुलं आरामात चेंडू थांबवतात. दुसरी चूक म्हणजे पास जवळच्या पायावर देणं. घेणाऱ्याचं अंग पुढच्या खेळाकडे वळत नाही आणि चेंडू आला तसाच परत जातो. तिसरी सहज लक्षात येत नाही: प्रशिक्षक ओरडतो म्हणून मुलगा मान वळवतो, पण बघत काहीच नाही. अशा वेळी त्याच्या मागे उभं राहून हाताची बोटं दाखवा, आणि किती ते चेंडू घेण्याआधी त्याला मोठ्यानं सांगायला लावा.