उरलेल्या जीपगाड्यांची शिष्यवृत्ती

नमस्कार श्रोतेहो. मुत्सद्देगिरी म्हटलं की राजदूत, शिष्टमंडळं, करारावरच्या सह्या डोळ्यांपुढे येतात. आज मात्र बोलायचंय एका लोकप्रतिनिधीबद्दल: अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट, ज्यांच्या नावाने फुलब्राइट शिष्यवृत्ती ओळखली जाते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला, म्हणजे धाक किंवा पैसा न वापरता, आकर्षणाने दुसऱ्या देशांना आपलंसं करण्याची ताकद. फुलब्राइट यांनी ती गोष्ट त्याच्या ४४ वर्षं आधीच कायद्यात बसवली होती.

कशी बसवली, ते ऐकण्यासारखं आहे. साल १९४५. महायुद्ध संपलंय आणि अमेरिकी सैन्याचं सामान जगभर पडून आहे. जीपगाड्या, ट्रक, तंबू, यंत्रांचे सुटे भाग. परत न्यायचं तर जहाजाचं भाडंच परवडेना. तिथल्या तिथे विकायचं, तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नाहीत. उधारीवर द्यावं, तर पहिल्या महायुद्धाच्या कर्जवसुलीतली कटुता कुणी विसरलं नव्हतं.

फुलब्राइट सिनेटमध्ये अगदी नवे, पहिलंच वर्ष. त्यांनी उपाय सुचवला: पैसे डॉलरमध्ये नकोत, तुमच्याच चलनात द्या. तेही अमेरिकेत न आणता तुमच्याच देशात राहू द्या आणि विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. पुन्हा सांगतो, सामान विकायचं, पैसा तिथेच ठेवायचा, त्यातून माणसं शिकवायची. नव्या कराचा प्रश्नच नव्हता.

यासाठी त्यांनी वेगळा, गाजावाजा होईल असा कायदा मागितला नाही. १९४४ च्या शिल्लक मालमत्तेच्या कायद्यालाच दुरुस्ती जोडली. प्रत्येक देशासाठी मर्यादा घातली: एकूण २ कोटी डॉलर, वर्षाला १० लाख. भाषणं टाळली. सिनेटमध्ये ती दुरुस्ती चर्चेविना, एकमताने मंजूर झाली. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. फुलब्राइट सांगत, की टेनेसीचे बुजुर्ग सिनेटर मॅकेलर त्यांना नंतर म्हणाले, हे काय आहे ते मला तेव्हा कळलं असतं, तर मी हे विधेयक तिथेच गाडलं असतं. आपल्या चांगल्या मुलामुलींना परदेशी विचारांच्या तोंडी देणं धोक्याचं आहे!

मला तर वाटतं, निवडून आलेल्या माणसाची पारख त्याच्या भाषणांवरून करूच नये. त्यानं कुठल्या कलमात कुठला शब्द घातला, ते पाहावं. आपल्याकडेही ते कुणी पाहत नाही, याचं फार वाईट वाटतं.

अडचण आली ती चलनाचीच. परक्या देशातला पैसा अमेरिकेत चालत नाही. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या अमेरिकन माणसाचा खर्च भागे, पण अमेरिकेत येणाऱ्याला फार तर प्रवासभाडं मिळे. राहण्या-जेवण्याचे डॉलर कुठून आणायचे? त्याची सोय १९४८ च्या दुसऱ्या कायद्याने काही प्रमाणात झाली. शिवाय शिल्लक सामान कधीतरी संपणारच होतं. म्हणून १९६१ मध्ये नवा, व्यापक कायदा करावा लागला.

एक गोष्ट त्यांनी पक्की केली. देशोदेशी आयोग नेमले, त्यांत दोन्ही देशांची माणसं बसवली आणि निवडीवर स्वतंत्र मंडळाची देखरेख ठेवली. निवड एकट्या दूतावासाच्या हाती गेली, की शिष्यवृत्ती प्रचाराचं हत्यार बनते. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. २००८ पासून निम्मा वाटा भारत उचलतो आणि शिष्यवृत्तीला नेहरूंचंही नाव जोडलं गेलंय.

आता जे बोलायला जड जातं, तेही बोलतो. १९५७ मध्ये याच आर्कान्सातल्या लिटल रॉक इथं नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला सैन्य आणावं लागलं. ते फोटो जगभर छापले गेले, सोव्हिएत प्रचारयंत्रणेनं ते पुरेपूर वापरले. फुलब्राइट यांनी त्याआधीच, १९५६ मध्ये, शाळांतला वर्णभेद उठवण्याविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही त्यांनी विरोधच केला. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्षही तेव्हा तेच होते.