शाई भरलेलं पेन आणि नागपूरचा उन्हाळा

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली. एक ओटा, मागे काचेचं कपाट. घड्याळांची टिकटिक.)

मे महिना. सकाळचे नऊ वाजलेत आणि ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय. हे दुकान घड्याळदुरुस्तीचं. पण दुरुस्ती करणाऱ्या काकांच्या डाव्या हाताला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो, त्यात घड्याळ एकही नाही. त्यात शाईची पेनं. कुणाची निब वाकलेली, कुणाचं टोपण चिरलेलं, कुणाचं नुसतंच रुसलेलं.

मी बाबांचं पेन घेऊन आले होते. काळं, जाडजूड, लेथवर हातानं कातलेलं. बाबा कोर्टात नोकरीला होते, आणि हे पेन त्यांच्या खिशाला तीस वर्षं होतं. ते गेल्यावर मी ते मखमलीच्या डबीत ठेवलं. शेजारी धनत्रयोदशीचं चांदीचं नाणं. चार वर्षांनी डबी उघडली तर आतली शाई वाळून दगड झालेली, आणि नाणं काळंठिक्कर.

काकांनी टोपण काढलं. डोळ्याला भिंग लावण्याआधी पेन नाकाशी नेलं.

"गरम पाण्यात टाकलं होतं ना तू?"

हो, टाकलं होतं. वाळलेली शाई सुटावी म्हणून चांगलं वाफाळतं पाणी घेतलं होतं. पेन बाहेर काढलं तेव्हा काळ्याचं शेवाळी झालेलं.

"कायले पण? पेन आहे पोरी, बटाटे नाही."

(दृश्य: पेनाची नळी अगदी जवळून. बाहेरून मळकट शेवाळी, आट्यांच्या आत अजून काळीभोर.)

हे एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, ते तासन् तास तापवलं की रबर ताणायचं विसरतं आणि लाकडासारखं टणक होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुडइयर मंडळींनी ते बनवलं. नाव पडलं आबनूस लाकडावरून. हाताला ते प्लॅस्टिकपेक्षा ऊबदार लागतं, घामानं निसटत नाही आणि लेथवर लोण्यासारखं कातलं जातं. म्हणून भारतातले हातकारागीर अजून त्याला सोडत नाहीत.

पण आतलं गंधक कायमचं झोपलेलं नसतं. ऊन लागलं, गरम पाणी लागलं की पृष्ठभाग बदलतो, रंग उतरतो. काकांनी वास घेतला तो त्याचाच. आणि माझं चांदीचं नाणंही त्यानंच काळं केलं. चांदी आणि एबोनाइट एका डबीत ठेवू नये, हे मला तिथे ओट्यावर बसून कळलं.

रंग परत येतो का? येतो, पण कातडी सोलून. काका झिरो पेपर, म्हणजे अगदी बारीक सँडपेपर, ओला करून अगदी हलक्या हातानं वरचा थर घासतात, मग मऊ कापडानं चकाकी आणतात. नळीवर कोरीव नक्षी असेल तर ते या कामाला हातच लावत नाहीत. नक्षी गेली की गेली. पितळ घासायची पॉलिश वापरून पेन "नवं" करणाऱ्यांबद्दल त्यांचं मत मी इथे सांगत नाही.

(दृश्य: वर्ध्याकडे जाणारा रस्ता, दुतर्फा उन्हानं पिवळं पडलेलं रान.)

या पेनांचं आणि आपल्या भागाचं एक जुनं नातं आहे. आंध्रात, गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीत, के. व्ही. रत्नम या कारागिरांनी १९३२ च्या सुमारास स्वदेशी पेनं घडवायला सुरुवात केली. त्यातलं एक पेन गांधीजींच्याच ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींपर्यंत पोचलं. गांधीजी तेव्हा वर्ध्यात होते, नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर. जुलै १९३५ मध्ये त्यांनी तिथून रत्नम यांना पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. वापरून पाहिलं, हे त्यांनी आवर्जून लिहिलं. मी मात्र चार वर्षं डबीत घालून ठेवलं होतं.

(दृश्य: काचेच्या पट्टीवर पाण्याचे दोन थेंब. पट्टी उन्हात सरकवली जाते.)

आता धुणं. काका पाणी नळाचं घेत नाहीत, बोअरचं तर नाहीच. कारण त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. काचेवर दोन थेंब ठेवले आणि पट्टी ओट्याच्या कडेला उन्हात सरकवली. नागपूरच्या मे महिन्यात थेंब वाळायला फार वेळ लागत नाही. डावा थेंब गेला, काच स्वच्छ. उजवा गेला आणि मागे पांढरं वर्तुळ राहिलं. तो बोअरचा. हेच वर्तुळ निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांमध्ये बसतं, आणि शाई त्याच खाचांतून उतरत असते.

डावा थेंब इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा होता. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्याच्या जिन्याखाली हा कॅन असतोच. नेहमीच्या धुण्याला फिल्टरचं पाणी चालतं, शेवटचा हात या पाण्याचा.

रीत साधी. आटे सोडवून निबेचा भाग वेगळा करायचा. कान धुवायचा रबरी फुगा मिळतो ना औषधाच्या दुकानात, त्यानं मागच्या बाजूनं साधं गार पाणी दाबायचं. निळं, फिकट निळं, मग नितळ. शाई हट्टी असेल तर वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि रात्रभर फक्त निब बुडेल इतकंच. नळी बाहेर. स्पिरिट नाही, नेलपॉलिश काढायचं औषध तर चुकूनही नाही. ॲक्रिलिकचं किंवा सेल्युलॉइडचं पेन त्यानं तडकतं, विरघळतंही. मग निब खाली करून सुती कापडावर उभं ठेवायचं. काकांकडे त्यासाठी जुन्या धोतराचे तुकडे आहेत. नव्या कापडाचं सूत निबेच्या चिरेत अडकतं.

महिन्या-दीड महिन्यातून एकदा एवढं केलं की पुरतं. शाई बदलताना मात्र दरवेळी. आणि चित्रकारांची वॉटरप्रूफ काळी शाई या पेनात कधीही भरायची नाही. तिच्यात लाख असते. वाळली की जिभेचा रस्ता बंद.

(दृश्य: नागपुरातला सीताबर्डीचा रस्ता, दुपारचा एक. दुपट्ट्यानं तोंड बांधलेले दुचाकीस्वार.)

खरा प्रश्न इथे आहे.

हातानं घडवलेल्या पुष्कळ पेनांत रबरी पिशवी नसते, पंप नसतो. ड्रॉपरनं शाई थेट नळीत भरायची. तीन मिलिलीटर, कधी त्याहून जास्त, पंधरा दिवस बघायला नको. पण नळीतली शाई जसजशी संपते, तसतशी तिची जागा हवा घेते. आणि हवा तापली की फुगते.

हिशेब करून बघा. ऑफिसात एसी २४ वर, बाहेर रस्त्यावर ४५. एवढ्या फरकानं हवा सुमारे सात टक्के फुगते. नळीत दोन मिलिलीटर हवा असेल, तर जवळपास तीन थेंब शाईला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. ते तीन थेंब खिशावर. बाबांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशाला खाली एक निळा ढग होता, आणि आई दर उन्हाळ्यात त्यावरून बोलायची. दोष पेनाला मिळायचा.

काकांचा उपाय दोन वाक्यांचा आहे. मे महिन्यात नळी अर्धी व्हायच्या आत भर. आणि बाहेर पडताना निब वर.

निब वर असली की फुगलेली हवा शाईला न ढकलता एकटी निघून जाते. एवढंच. तरी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर पेन टाकणारे महाभाग आहेतच.

गळतीची दुसरी जागा म्हणजे आटे. बाबा तिथे सुताचा दोरा गुंडाळायचे. काकांनी नळीचं तोंड भिंगाखाली मला दाखवलं: केसाएवढी चीर. दोरा फुगला, आणि वर बाबांचा कोर्टातला पिळायचा हात. त्याऐवजी सिलिकॉन ग्रीस, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकं. व्हॅसलिन नाही. ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात वितळतं, शाईत उतरतं, आणि तेलकट शाई निबेतून नीट येत नाही.

(दृश्य: डब्यातून निघालेलं एक सागवानी पेन. काका ते अंगठ्यानं चोळतात.)

हे पेन एका वकिलांचं. सागवान आपल्याकडचं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. लाकडाच्या पेनाला नागपूर म्हणजे शिक्षाच: मे महिन्यात सुकतं, कूलरच्या झोतात ओल धरतं, जुलैत फुगतं. जूनमध्ये टोपण घट्ट बसायला लागलं तर जोर करायचा नाही, दोन दिवस पंख्याखाली ठेवायचं. वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, ते वाळत नाही, नुसतं चिकट होतं. जवस हवेत वाळून पापुद्रा धरतं. मात्र तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटू शकतं. काकांच्या ओट्यावर फडकं दोरीवर पसरलेलं असतं.

निबेबद्दल काका कमी बोलतात. टोकावरचा धातू फार कठीण असतो, वर्षानुवर्षं झिजत नाही. "निब माझ्या हाताला बसली आहे" असं लोक अभिमानानं सांगतात, तेव्हा ते हसतात. हात निबेला बसलेला असतो, म्हणतात. पेन निबेवर पडलं तर दोन पाती वरखाली होतात, आणि ती घरी नखानं सरळ करायला गेलं की तिसरा प्रॉब्लेम तयार.

(दृश्य: संध्याकाळ. पिवळा बल्ब. ड्रॉपरमधून निळी शाई नळीत उतरते.)

संध्याकाळपर्यंत बाबांचं पेन काळं झालं होतं. पूर्ण नाही, क्लिपखाली थोडा शेवाळी पट्टा मी मुद्दाम ठेवायला सांगितला. नळीच्या तोंडावरची चीर तशीच आहे, तिला आता दोऱ्याचा ताप नाही. काकांनी शाई भरली, ग्रीस लावलं, पेन निब वर करून मिनिटभर मुठीत धरलं आणि विजेच्या बिलामागे एक लांब रेघ ओढली. मग दुसरी. मग पेन माझ्या हातात दिलं.

डबी मी पुढे केली तर त्यांनी ती मागे सरकवली.

"पंधरा दिवसांनी येजो. नळीत आजची शाई तशीच भरलेली दिसली, तर पुढच्या वेळी मी हात नाही लावत."