छप्पर नसलेल्याचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावरील तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सौर संचासाठी घरमालकाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. योजना चांगली आहे. मात्र भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या किंवा आपल्या गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या, पण त्या घराचे कागद अजून हाती न आलेल्या मुंडकाराच्या पदरात तिच्यातून काय पडते, याचाही विचार व्हायला हवा.

शेजारच्या कर्नाटकात पावगडा येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तेथे शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली गेली आणि सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये ठरले. जमीनमालकाची मालकी शाबूत राहिली, हे खरेच; पण त्याच शेतांत मजुरी करणाऱ्या भूमिहीनांचे काम गेले आणि भाड्यात त्यांचा वाटा नव्हता. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने पवनचक्क्यांच्या मालकीतील किमान वीस टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करणे कंपन्यांवर बंधनकारक केले होते. तेथेही ज्याच्याकडे पैसे, त्यालाच हिस्सा मिळणार होता.

वाटपाचा प्रश्न गोव्याला नवा नाही. गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या आपल्या जुन्या गांवकरीत, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीत, शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, उघडपणे होई, बांधबंदिस्तीचा खर्च आधी वळता केला जाई आणि उरलेल्या रकमेतून गांवकारांना, म्हणजे गांवकरीच्या सदस्यांना, जोण, म्हणजे त्यांचा वाटा, मिळे. ही पद्धत निर्दोष मुळीच नव्हती, कारण जोणीवर हक्क पुरुष गांवकारांचा. स्त्रिया आणि कष्टकरी कुळे तिच्या बाहेरच राहिली. तिच्यातून घ्यायचा तो उघड हिशेब, हक्कदारांची जुनी यादी नव्हे.

बाजाराच्या किंवा पंचायतीच्या छपरावर सामाईक संच बसवून तयार झालेली वीज अनेक कुटुंबांच्या बिलांत युनिटांच्या रूपाने वळती करता येते. अशा वेळी यादीत पहिले नाव कोणाचे, हे संच बसण्यापूर्वी ग्रामसभेत ठरले, तरच लोक विश्वास ठेवतील; मागाहून दाखवलेल्या कागदावर कोणी का ठेवावा? शिवाय पॅनल पंचवीस वर्षे चालले, तरी इन्व्हर्टर त्याआधीच बदलावा लागतो. म्हणून ग्रामसभेत हा विषय येईल, तेव्हा दुरुस्तीचा निधी कोणाच्या खात्यात राहील आणि त्याचा हिशेब दर वर्षी कोण वाचून दाखवील, हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

नमस्कार.