पुडीचं वजन

नमस्कार, श्रोतेहो. अमली पदार्थांचा विषय निघाला की 'पकडलं तर किती वर्षं आत?' हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर वजनकाटा देतो. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आधी विचारतो, माल कोणता आणि किती ग्रॅम?

हेरॉइनचंच घ्या. ५ ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण'. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापुढे दहा वर्षांपर्यंत. आणि २५० ग्रॅमच्या वर गेलं की ते 'व्यापारी प्रमाण'. मग किमान दहा वर्षं, कमाल वीस, शिवाय किमान एक लाख दंड. आरोपी कितीही कोवळ्या वयाचा असो, सज्ञान असेल आणि गुन्हा शाबीत झाला तर न्यायाधीशांना दहाच्या खाली उतरता येत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोनसाठी ही रेषा अवघ्या ५० ग्रॅमवर आहे.

आता खरी मेख ऐका. ३०० ग्रॅम पावडरीत हेरॉइन फक्त १० ग्रॅम, बाकी भेसळ. वजन कशाचं धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं, भेसळीसकट सगळ्याचं. म्हणजे थेट व्यापारी प्रमाण! मला विचाराल तर याचा फटका पोहोचवणाऱ्या पोरांनाच जास्त बसतो. मोठे मासे सहसा पुडी हातात धरत नाहीत.

व्यापारी प्रमाणात जामीनही सहजी नाही. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायालयाला पटाव्या लागतात. कलम ३७ ते हेच. आरोपपत्रालाही नेहमीच्या ९० ऐवजी १८० दिवसांची मुभा.

'बॅग मित्राची होती, मला काय माहीत!' हे वाक्य पोलीस ठाण्यात रोज ऐकू येत असेल. माल तुमच्या ताब्यात होता हे सरकार पक्षाने सिद्ध केलं, की तो जाणूनबुजून ठेवला होता असं कायदा गृहीत धरतो. माहीत नव्हतं हे मग तुम्ही सिद्ध करायचं. दुसऱ्याची पिशवी 'जरा धर' म्हटल्यावर धरताना एवढं लक्षात असू द्या.

आरोपीलाही हक्क आहेत बरं का. अंगझडतीआधी, ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असं मागता येतं, आणि हा हक्क आहे हे झडती घेणाऱ्याने सांगायलाच हवं. फक्त बॅगेची झडती असेल तर मात्र हे लागू नाही.

ज्यांच्या घरात कुणी व्यसनात अडकलंय, त्यांनी कलम ६४-अ वकिलाला जरूर विचारावं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येतं.