काळी चारचा भूप, पाच रेषांवर

[दृश्य: पेटीच्या पट्ट्या, अगदी जवळून. मग पियानोच्या.]

दोन काळ्या, तीन काळ्या. पुन्हा दोन, पुन्हा तीन. पेटीवर ही रांग तीन-साडेतीन सप्तकांत आटोपते. पियानोवर ती ८८ पट्ट्यांपर्यंत जाते, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. क्रम तोच. म्हणून ज्यांच्या घरी पेटी आहे, त्यांनी पियानोसमोर बिचकू नये. अर्धी ओळख आधीच झालेली असते.

[दृश्य: नौपाडा. दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा क्लास.]

ठाण्यातल्या या क्लासला येतात ती बहुतेक शाळकरी मुलं. दुपारी मात्र एक काकू येतात. भजनी मंडळात पेटीची साथ करण्यात त्यांची उमर गेली. त्यांचा डावा हात पाहा. उजव्यानं सूर लावला की डावा आपोआप पुढे सरकतो, भाता शोधायला. शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. "काकू, डाव्यालाही इथे सूर आहेत," असं म्हणत ती तो हात अलगद पट्ट्यांवर आणून ठेवते.

फरक एवढाच नाही. पेटीत हवा भरत राहिलं की सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे येते. सूर उमटतो त्याच क्षणी विरायला लागतो. लहान-मोठा आवाज बोटाच्या वेगावर ठरतो. १७०० सालाच्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी ही हातोडीची रचना केली. क्लासमधला पियानो डिजिटल आहे, तारा नाहीत, पण पट्ट्यांना वजन आहे. घरासाठी घेताना तेवढं जरूर पाहावं. हलक्या पट्ट्यांवर बोटांना ही सवय लागत नाही.

[दृश्य: कागद. पाच रेषा, त्यावर ठिपके.]

आता खरा अवघड भाग. पियानोची पाच रेषांची लिपी वाचणं.

काकूंना भातखंडे लिपी येते, सा-रे-ग अक्षरांत गाणं लिहिण्याची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराखाली टिंब. त्या कागदावर 'सा' लिहिलेला असतो. तो कुठल्या पट्टीचा, हे गाणाऱ्याचा गळा ठरवतो. कुणाची काळी एक, कुणाची काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. पाच रेषांचा कागद याच्या उलट वागतो. तो पट्टी दाखवतो. सा कुठे आहे, ते आपण ओळखायचं.

सुरुवातीला तीन खुणा पुरतात. वरच्या पाच रेषांवरच्या वळणदार चिन्हाचा, ट्रेबल क्लेफचा, वेढा खालून दुसऱ्या रेषेभोवती असतो. ती रेष म्हणजे जी, आपली पांढरी पाच. खालच्या पाच रेषांवर बेस क्लेफचे दोन ठिपके खालून चौथ्या रेषेच्या वर-खाली बसतात. ती एफ, पांढरी चार. आणि दोहोंच्या मधोमध, स्वतःची छोटीशी रेष घेऊन, मधला सी. पूर्ण पियानोवर डावीकडून चौथी पांढरी एक. तिथून पुढे रेषेवरून लगतच्या घरात गेलात की एक पांढरी पुढे, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात की मधली एक सोडून.

काकूंनी पहिल्या पानावर प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीनं सा-रे-ग लिहिलं होतं. शिकवणारीनं ते खोडायला लावलं, आणि ते योग्यच होतं. अक्षरं दिसत असली की डोळा ठिपक्याकडे जात नाही. पट्ट्यांवर चिकटवलेल्या स्टिकरांचंही तेच.

लय मात्र त्यांना जड गेली नाही. भरीव ठिपक्याला काडी म्हणजे एक मात्रा, पोकळ ठिपक्याला काडी म्हणजे दोन, नुसता पोकळ गोल म्हणजे चार. तीनताल हातावर मोजणाऱ्या बाईला चार-चारचे भाग काय सांगायचे!

[दृश्य: कोरा कागद, पेन्सिल.]

आज काकूंनी स्वतःहून भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, पाच रेषांवर लिहायला घेतला आहे, आपल्या पट्टीत. सा काळी चार, रे काळी पाच, ग वरची पांढरी एक, प काळी दोन, ध पांढरी चार. शिकवणारी सांगते, काळी चारचं मेजर स्केल, आपले सात शुद्ध स्वर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला चार फ्लॅट, सूर लगतच्या खालच्या पट्टीवर उतरवणाऱ्या खुणा, लिहा: बी, ई, ए, डी. काकू लिहितात. मग बोटानं मोजतात. बी फ्लॅट म्हणजे रे, ई फ्लॅट म्हणजे प, ए फ्लॅट म्हणजे सा. डी फ्लॅट?

"अगं, हा तर मध्यम. भूपात मध्यम कुठाय?"

"नाहीच आहे, काकू. तो कुठे लागणारही नाही. पण ही खूण रागाची नाही, स्केलची आहे. स्केलमध्ये तो आहे."

काकू चौथा फ्लॅट तसाच ठेवतात, आणि डाव्या हातासाठी खालच्या पाच रेषांवर सा शोधायला लागतात.