पाठीवर बचावपटू

पडद्यावर पोलंडचा फुटबॉलपटू रॉबर्ट लेवांडोवस्की याच्या गोलांची चित्रफीत आहे. 24 एप्रिल 2013 ची रात्र. जर्मनीतील डॉर्टमंड शहराच्या मैदानात गोलखांबांमागे जी पिवळी भिंत दिसते आहे, ती मैदानाची दक्षिणेकडील गॅलरी आहे. जर्मन लीगच्या सामन्यांना सुमारे 25 हजार माणसे तिथे उभी राहतात. युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेच्या उपांत्य फेरीतील पहिल्या सामन्यात बोरुसिया डॉर्टमंडसमोर रेआल माद्रिद उभे ठाकले आहे. 55 व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्रातल्या गर्दीत चेंडू रॉबर्ट लेवांडोवस्कीच्या पायाशी येतो, तेव्हा त्याची पाठ गोलकडे असते. तो पायाच्या तळव्याने चेंडू मागे ओढतो, त्याच हालचालीत वळतो, आणि पुढच्या क्षणी जाळ्याचे छत हलताना दिसते. त्या रात्रीचा हा त्याचा तिसरा गोल. चौथा त्याने पेनल्टीवर केला आणि सामना 4-1 असा संपला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात एकट्याने चार गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

आता हाच गोल संथ गतीने पुन्हा पाहावा, आणि या वेळी नजर चेंडूवर न ठेवता खेळाडूच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर ठेवावी. गुडघे किंचित वाकलेले आहेत, शरीराचा भार खाली आहे, हात बाजूंना पसरलेले आहेत. पाठीशी असलेला बचावपटू नेमका कोणत्या बाजूने रेलतो आहे, हे आघाडीच्या खेळाडूला डोळ्यांनी दिसत नाही. ते त्याला पाठीने ओळखावे लागते, आणि एकदा ते ओळखले की वळण्याची दिशा आपोआप ठरते. गोल पाहणाऱ्याला फटका आठवतो, परंतु गोल होतो तो फटक्याच्या आधीच्या या अर्ध्या क्षणात. लेवांडोवस्कीची परदेशातील कारकीर्द ज्या कौशल्यावर उभी राहिली ते हेच आहे, आणि ते त्याच्याकडे उपजत आलेले नाही, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

त्याचे वडील ज्युदोपटू होते आणि आई व्हॉलीबॉल खेळत असे. वडील 2005 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, दुखापतीतून सावरत असताना, वॉर्साच्या लेगिया क्लबने त्याला आपल्याकडे ठेवले नाही. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वॉर्सालगतच्या प्रुश्कुव्ह या छोट्या शहरातील झ्निच क्लबने त्याला घेतले, आणि तिथे पहिल्या हंगामात तो तिसऱ्या श्रेणीचा, तर दुसऱ्या हंगामात 21 गोलांसह दुसऱ्या श्रेणीचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मोठ्या क्लबांच्या झगमगाटात अशा क्लबांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून ते इथे मुद्दाम घ्यायचे आहे. पुढची दोन वर्षे तो पोझनानच्या लेख क्लबकडून खेळला, आणि 2010 मध्ये त्या संघाने पोलंडची लीग जिंकली तेव्हा लीगमधील सर्वाधिक, म्हणजे 18 गोल त्याच्या नावावर होते. त्याच वसंतात तो इंग्लंडमधील ब्लॅकबर्न क्लबला भेट देणार होता, परंतु आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमाने जमिनीवर खिळवली आणि ती भेट झाली नाही. उन्हाळ्यात तो डॉर्टमंडला गेला.

डॉर्टमंडमधील पहिल्या वर्षाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. संघाने 2010-11 ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली, मात्र संघातील पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर लुकास बारिओस होता. लेवांडोवस्की अनेकदा बदली खेळाडू म्हणून उतरत असे, किंवा बारिओसच्या मागे, मधल्या फळीच्या जवळ खेळत असे. लीगमध्ये त्याचे गोल झाले आठ. तरीही ही शिक्षा नव्हती, ते शिक्षण होते, असे आम्हांला वाटते, कारण त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूला चेंडू घ्यावा लागतो तो बहुतेक वेळा गोलकडे पाठ करूनच, आणि प्रतिस्पर्धी अंगावर येण्याआधी तो सहकाऱ्याकडे सोपवावा लागतो.

प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्या काळात त्याच्याशी एक पैज लावली होती, आणि ती लेवांडोवस्कीने पुढे स्वतःच सांगितली आहे. सरावाच्या एका सत्रात दहा गोल झाले तर क्लॉप यांनी पन्नास युरो द्यायचे, न झाले तर लेवांडोवस्कीने द्यायचे. सुरुवातीचे आठवडे जवळजवळ रोज त्यालाच पैसे मोजावे लागले. काही महिन्यांनी चित्र इतके पालटले की पुरे झाले, असे क्लॉप यांनाच म्हणावे लागले.

2011 च्या उन्हाळ्यात कोपा अमेरिका स्पर्धेत बारिओस जखमी झाला आणि जागा मोकळी झाली. सप्टेंबरअखेरीस फ्रान्सच्या मार्से क्लबविरुद्ध डॉर्टमंडचा 3-0 असा पराभव झाल्यानंतर लेवांडोवस्की क्लॉप यांच्याकडे गेला आणि दोघे बराच वेळ बोलत बसले. तीनच दिवसांनी, ऑग्सबर्गविरुद्ध, त्याने हॅटट्रिक केली. त्या हंगामात लीगमध्ये त्याचे 22 गोल झाले, डॉर्टमंडने लीग राखली आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकला 5-2 असे हरवले. त्यातील तीन गोल त्याचे होते. 2013 च्या वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात बायर्नने डॉर्टमंडला हरवले, आणि करार संपताच 2014 मध्ये तो बायर्नकडेच गेला.

22 सप्टेंबर 2015. म्युनिकमध्ये वोल्फ्सबर्ग 1-0 ने पुढे आहे आणि मध्यंतरानंतर लेवांडोवस्की बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरतो. 51 वे मिनिट, 52 वे, 55 वे, 57 वे आणि 60 वे. पहिल्या गोलपासून पाचव्यापर्यंत 8 मिनिटे 59 सेकंद. पाचव्या गोलात सहकारी ग्योट्झेचा क्रॉस येतो तेव्हा लेवांडोवस्कीचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले आहेत, आणि चेंडू खाली पडण्याआधीच फटका बसलेला आहे. रेषेबाहेर डोक्याला हात लावून उभे असलेले गृहस्थ बायर्नचे प्रशिक्षक पेप गार्डिओला आहेत.

2020 मध्ये बायर्नने लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, महामारीमुळे दिलाच गेला नाही.

15 मे 2021 रोजी फ्रायबर्गच्या मैदानावर पेनल्टीचा गोल केल्यावर त्याने जर्सी वर केली, तेव्हा आतल्या बनियनवर बायर्नचे जुने आघाडीचे खेळाडू गर्ड म्युलर यांचा चेहरा होता. म्युलर यांनी 1971-72 च्या हंगामात केलेले 40 गोल हा बुंडेसलिगाचा जवळजवळ अर्धशतक टिकलेला विक्रम होता, आणि या गोलने त्याची बरोबरी झाली. आठवड्याने, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, समोर पुन्हा ऑग्सबर्ग होते. 89 मिनिटे गेली, बायर्नचे चार गोल झाले, पण त्यात त्याचा एकही नव्हता. मग बायर्नच्या सानेने फटका मारला, गोलरक्षकाने तो अडवला, आणि सुटलेल्या चेंडूपर्यंत सर्वांत आधी लेवांडोवस्की पोहोचला. त्या हंगामातील 29 सामन्यांत हा त्याचा 41 वा गोल. गोलरक्षक होता राफाउ गिकिएविच, तोही पोलंडचाच.

2022 मध्ये तो बार्सिलोनाला गेला आणि पहिल्याच हंगामात स्पॅनिश लीगमध्ये 23 गोलांसह अव्वल ठरला. जर्मनीत मागे राहिले ते बुंडेसलिगाच्या 384 सामन्यांतील 312 गोल. त्यांपैकी अगदी सुरुवातीचे आठ, बारिओसच्या छायेत झालेले, आता पडद्यावर क्रमाने येत आहेत.