चेंडू, माशी आणि साखरेचा एक थेंब

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेलं ते पोरगं बघा. फुटबॉलची मॅच पाटाकडील संघाची असो नाहीतर दिलबहारची, सुटल्यावर ते गल्लीत रिकामी बाटली अगदी तशीच मारत जाणार. कुणी शिकवलं? कुणीच नाही. बघून बघून आलंय ते.

आता लंडनला जाऊ. क्वीन मेरी विद्यापीठ, मधमाश्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लार्स चिटका यांची प्रयोगशाळा. इथंही चेंडू आहे, खेळाडू मात्र बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या गोतातली केसाळ, गुबगुबीत माशी. चेंडू मधल्या खुणेवर आणला की साखरपाणी मिळतं. माशी उलट्या पावली चालत, पायांनी चेंडू ओढत आणते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाची खरी गंमत पुढं आहे. तीन चेंडू ठेवलेले. शिकलेली माशी दरवेळी सगळ्यात लांबचा आणते, कारण जवळचे दोन चिकटवून टाकलेत. शेजारी बसून बघणाऱ्या दुसऱ्या माशीला ही भानगड माहीत नाही. तिची पाळी आली, तेव्हा तिन्ही चेंडू मोकळे होते. तिनं काय केलं? बहुतेक वेळा सरळ जवळचा आणला! नुसती नक्कल असती, तर तीही लांब गेली असती. काही माश्यांसमोर चेंडू खालून लोहचुंबकानं सरकवला. त्याही शिकल्या, पण दुसऱ्या माशीला बघून शिकलेल्यांची सर त्यांना आली नाही.

२०२२ मध्ये तर बक्षीसच काढून टाकलं. खायला वेगळीकडं मुबलक, वाटेत लाकडी चेंडू. तरी माश्या चेंडू घोळवत बसल्या, त्यातही लहान वयाच्या जास्त. याला खेळ म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

मग या माशीला बरं-वाईट वाटत असेल का? क्लिंट पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हाच प्रश्न घेतला. समजा, निळ्या खुणेशी साखरपाणी आणि हिरव्या खुणेशी नुसतं पाणी, हे माशीला पक्कं ठाऊक आहे. आता मधलाच, निळसर-हिरवा रंग समोर ठेवला. जावं की न जावं? जिला आधी अचानक घट्ट साखरपाण्याचा एक थेंब मिळाला होता, ती तिकडं लवकर गेली. कोळ्यानं धरल्यासारखं दाबून सोडल्यावरही अशी माशी लवकर सावरली. डोपामिनचं, म्हणजे बक्षिसाच्या जाणिवेशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवणारं औषध दिलं, आणि हा फरक पुसला गेला. तेव्हा हा केवळ पोटात गेलेल्या साखरेचा जोर नव्हता. तरी शास्त्रज्ञ ‘माशी खूश झाली’ असं लिहीत नाहीत. ‘भावनेसारखी अवस्था’ म्हणून थांबतात, आणि ते रास्तच आहे.

बंबलबी आपल्याकडं नाही; भारतात ती हिमालयाच्या बाजूला. कोल्हापूरच्या शिवारात आहे तो काळा भुंगा, तिचा नातेवाईक. वांग्याच्या फुलातला पराग नुसता बसून मिळत नाही, परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं. भुंग्याची मादी फूल कवटाळते, पंख न हलवता छाती थरथरवते, आणि पराग भुरभुर खाली पडतो. बंबलबीचीही तीच तऱ्हा.

वरचे प्रयोग या भुंग्यावर झालेले नाहीत, त्यामुळं तो चेंडू खेळेल असं मी सांगणार नाही. पण गोठ्याच्या वाशाला त्यानं भोक पाडलं की लोक त्यात रॉकेल ओततात, ते तेवढं थांबवा. आणि दारात घोंगावत अंगावर येतो, तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते.